वारशाने आलेल्या जुन्या मोटारीसाठी माहिती आणि सुटे भाग कसे शोधावेत

घरातील वडीलधाऱ्यांच्या मागे एखादी जुनी मोटार वाट्याला येते, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची ओढ स्वाभाविक असते, आणि त्या ओढीतच सर्वांत महागात पडणारी घाई होते. गाडीचे नाव आणि अंदाजे वर्ष एवढ्याच माहितीवर कार्बोरेटर, ब्रेकचे सिलिंडर, दिवे आणि रबरी पट्ट्या मागवल्या जातात, आणि खोके उघडल्यावर लक्षात येते की त्याच नावाच्या गाडीत त्याच वर्षाच्या मध्यावर बदल झाला होता व मागवलेला भाग त्या बदलानंतरचा आहे. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा ओळख पटवण्याला अधिक जागा दिली आहे. गाडी नेमकी कोणती आहे हे आधी निश्चित करावे आणि त्यानंतर प्रत्येक भागाचा शोध त्या भागावरचा क्रमांक, त्याचे माप आणि त्याच्या निर्मात्याचे नाव यांच्या आधाराने घ्यावा, ही पद्धत सुरुवातीला संथ वाटली तरी तीच शेवटपर्यंत नेते.

काहीही हलवण्यापूर्वी

गाडी जिथे उभी आहे ती जागा हाच पहिला दस्तऐवज समजावा. गाडी बाहेर ओढण्यापूर्वी सर्व बाजूंनी, बॉनेटखाली, डॅशबोर्डखाली, डिकीत आणि शक्य असल्यास खालच्या अंगाने भरपूर छायाचित्रे घ्यावीत. वायर कोणत्या छिद्रातून जाते, ब्रेकची नळी कोणत्या क्लिपने धरलेली आहे, दाराच्या बिजागरीखाली किती पातळ पट्ट्या घातल्या आहेत, हे प्रश्न वर्षभराने उभे राहतात आणि त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात नेमकी मिळत नाहीत. आसपासची फडताळे, पत्र्याचे डबे आणि लाकडी खोकी तपासल्याशिवाय काहीही भंगारात देऊ नये, कारण पूर्वीच्या मालकाने काढून ठेवलेला मूळ भाग पुष्कळदा गाडीपासून हाताच्या अंतरावर पडून असतो. गंजलेला, तडकलेला किंवा अर्धवट तुटलेला भागही जपून ठेवावा, कारण नवा भाग पडताळून पाहण्यासाठी आणि प्रसंगी तसाच दुसरा घडवून घेण्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा नसतो.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. नोंदणीपुस्तक, विम्याची पत्रे, गॅरेजची बिले, खरेदीची पावती आणि किलोमीटर अथवा मैल लिहून ठेवलेली वही यांतून गाडीचा इतिहास जुळत जातो. एखाद्या जुन्या बिलावर इंजिन बदलल्याची नोंद असेल, तर पुढील सगळ्या शोधाची दिशा बदलते. कुटुंबाच्या छायाचित्रसंग्रहाचे महत्त्वही मोठे आहे, कारण लग्नाच्या किंवा सहलीच्या छायाचित्रात मागे उभी असलेली गाडी तिचे मूळ दिवे, आरसे, चाकांच्या टोप्या आणि रंगाची विभागणी दाखवते. ज्या नातेवाइकांनी ती गाडी चालवली, ज्या मेकॅनिकने ती सांभाळली, त्यांच्याशी शक्य तितक्या लवकर बोलावे आणि ते सांगतात ते लिहून ठेवावे. हे साक्षीदार वयस्कर असतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

याच टप्प्यावर गाडी कितपत बदलायची हेही ठरवणे श्रेयस्कर आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ ‘फिव्हा’ १९६६ मध्ये स्थापन झाला. किमान तीस वर्षे जुने आणि आपल्या मूळ स्वरूपात जपलेले वाहन हा महासंघ ऐतिहासिक मानतो, आणि त्याच्या तुरिन सनदेत शक्य तेवढे मूळ साहित्य राखण्यावर भर आहे. माझेही मत तसेच आहे. वापरता येण्याजोगी मूळ आसने, फिकट झालेला पण शाबूत रंग आणि मीटरची जुनी तबकडी काढून त्यांच्या जागी चकचकीत नवे आणले, तर त्या गाडीबरोबर आलेली कुटुंबाची खूणच नाहीशी होते आणि शोधायच्या भागांची यादी विनाकारण लांबते.

क्रमांकांवरून ओळख

आज सर्वत्र दिसणारा सतरा अक्षरी वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची क्रमांक देण्याची स्वतःची रीत होती. चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांवर चार वेगवेगळे क्रमांक असू शकतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा इंजिनावरील क्रमांक हाच गाडीचा अनुक्रमांक होता, त्यामुळे तिचे इंजिन बदललेले असेल तर केवळ त्या क्रमांकावरून गाडीचे वर्ष ठरवणे दिशाभूल करते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस केवळ चॅसिस आणि यांत्रिक भाग पुरवत असे व बॉडी स्वतंत्र कारागीर कंपन्या बांधत असत. अशा गाडीच्या इंजिनाची माहिती एका ठिकाणी आणि दाराच्या कडीची माहिती पूर्णपणे दुसऱ्या ठिकाणी शोधावी लागते.

क्रमांक वाचण्यासाठी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर कधीही वापरू नये. ग्रीस व रंगाचा थर सौम्य द्रावकाने मऊ करून पुसावा, त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासावे आणि उमटलेला ठसा तारखेसह जपून ठेवावा. ठोकलेला क्रमांक खरवडला गेला किंवा दुरुस्तीत पुसला गेला, तर गाडीच्या मालकीबद्दलच कायदेशीर प्रश्न उभा राहू शकतो. वारसाची नोंद करताना कागदावरील आणि गाडीवरील क्रमांक जुळत नसतील, तर ती तफावत कामाला हात घालण्यापूर्वीच नोंदणी कार्यालयात मिटवून घ्यावी.

मोठ्या भागांवरील खुणाही याच वेळी टिपाव्यात. ओतीव भागांवर ओतकामाचा क्रमांक आणि बऱ्याचदा तारखेची सांकेतिक खूण असते. जनरल मोटर्सच्या अनेक ओतीव भागांवर महिन्यासाठी इंग्रजी वर्णमालेतील अक्षर, मग दिवस आणि वर्ष असा क्रम आढळतो. ब्रिटिश गाड्यांतील ल्युकास कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटर या विजेच्या भागांवर भागाच्या क्रमांकाशेजारी महिना व वर्ष ठोकलेले असते. ही तारीख गाडीच्या निर्मितीच्या काही आठवडे किंवा महिने आधीची असेल तर तो भाग बहुधा मूळचाच आहे, आणि काही वर्षांनंतरची असेल तर तो कधीतरी बदललेला आहे.

पुस्तके, अभिलेखागारे आणि क्लब

कारखान्याने छापलेल्या साहित्याचे तीन मुख्य प्रकार असतात. मालकासाठीची माहितीपुस्तिका, कार्यशाळेसाठीचे दुरुस्तीपुस्तक आणि सुट्या भागांची सूची. नवखा माणूस पहिल्यांदा दुरुस्तीपुस्तक घेतो, पण शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असते ती भागांची सूची. तिच्यात प्रत्येक जुळणी सुटी करून दाखवलेली चित्रे असतात, प्रत्येक वॉशरलाही क्रमांक असतो, आणि कोणत्या चॅसिस क्रमांकापर्यंत जुना भाग होता व कोणत्या क्रमांकापासून नवा सुरू झाला हे दिलेले असते. एखादा भाग रद्द होऊन त्याच्या जागी कोणता क्रमांक आला, याच्या नोंदी नंतरच्या आवृत्त्यांत आणि कारखान्याच्या सेवा-पत्रकांत सापडतात. म्हणून शक्य असल्यास सूचीची आपल्या गाडीच्या काळातील आणि उत्पादन थांबण्याच्या सुमाराची अशा दोन्ही आवृत्त्या मिळवाव्यात.

कारखान्याच्या मूळ नोंदी अनेक ठिकाणी जतन केलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रोव्हर, ट्रायम्फ यांसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या उपलब्ध उत्पादन-नोंदींवरून प्रमाणपत्र देते, ज्यात गाडीचा मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि ती कारखान्यातून कोठे पाठवली गेली हे असू शकते. अमेरिकी गाड्यांसाठी डिअरबॉर्न येथील ‘द हेन्री फोर्ड’ या संस्थेचे बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र, डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयातील मोटारविषयक इतिहाससंग्रह आणि अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेचे ग्रंथालय यांच्याकडे विचारणा करता येते. सर्व नोंदी टिकलेल्या नाहीत, आणि एखाद्या वर्षाचे रजिस्टरच उपलब्ध नसणे ही सामान्य गोष्ट आहे.

तरीही सर्वांत जिवंत माहिती क्लबांकडे असते. एमजी कार क्लब १९३० पासून, व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ पासून आणि वर उल्लेखिलेला अमेरिकी क्लब १९३५ पासून काम करत आहे. एकाच कंपनीच्या किंवा एकाच मॉडेलच्या गाड्यांसाठी वाहिलेल्या क्लबांत हयात गाड्यांची नोंदवही ठेवणारे सदस्य असतात, आणि अनेक क्लब दुर्मीळ भाग पुरेशा संख्येने एकत्र घडवून घेऊन सदस्यांना देतात. अशा ठिकाणी प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘जुन्या एमजीचा पंप मिळेल का’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर क्वचितच येते. त्याऐवजी गाडी १९५१ ची एमजी टीडी आहे, चॅसिस व इंजिन क्रमांक असे आहेत, पंपावर हा क्रमांक ठोकलेला आहे, बसवण्याच्या दोन छिद्रांतील अंतर इतके मिलिमीटर आहे, पट्टी शेजारी ठेवून घेतलेले छायाचित्र सोबत आहे आणि सूचीत हा भाग या पानावर आढळला, असे लिहिले तर वाचणाऱ्याला आपण स्वतः कष्ट घेतल्याचे दिसते व तोही आपल्यासाठी कष्ट घेतो. आपला प्रश्न सुटल्यावर कशाने सुटला ते कळवणे हे कर्तव्यच मानावे, कारण क्लबांतील ज्ञान याच मार्गाने साठत आलेले आहे.

यादी करताना कशाला अग्रक्रम द्यावा

बहुतेकांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. माझ्या मते शोधाची सुरुवात दिवे, काचा, क्रोमच्या पट्ट्या, चिन्हे, मीटर, दारांच्या कड्या आणि खिडक्यांच्या चौकटी यांपासून करावी. इंजिनाचे पिस्टन मापानुसार बनवून घेता येतात, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची बेअरिंगे पुन्हा ओतता येतात, गास्केट (जोडातील गळती रोखणारा पातळ थर) कापता येते आणि झिजलेल्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी नळी, घालता येते. याउलट एका विशिष्ट वर्षातच वापरलेली मागच्या दिव्याची काच घडवून घेणे फार खर्चिक असते, आणि ती सापडायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. सपाट लॅमिनेटेड काच नमुन्याबरहुकूम कापून मिळते, पण वक्र विंडस्क्रीनचे तसे नाही. त्यामुळे गाडीची वक्र काच शाबूत असेल तर ती काढण्याचे आणि ठेवण्याचे काम अनुभवी माणसाकडेच सोपवावे.

जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या कड्या, चिन्हे आणि कार्बोरेटरचे सांगाडे वेगळे तपासावेत. जुन्या काळी या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली असेल, तर वर्षांनुवर्षे तो आतून फुगतो, त्यावर बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो हातात चुरा होतो. असा भाग वेल्डिंगने सावरत नाही, आणि तो न वापरता खोक्यात जपलेला असला तरीही हा दोष त्याला सोडत नाही.

भागाची नवी ओळख

मोटार कंपन्या अनेक भाग स्वतः बनवत नसत, आणि शोध घेणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. विजेची सामग्री ल्युकास, बॉश, डेल्को-रेमी किंवा मारेल्लीची, ब्रेक गर्लिंग किंवा लॉकहीडचे, कार्बोरेटर एसयू, झेनिथ किंवा सोलेक्सचा असतो. त्या निर्मात्याचा क्रमांक हाती आला की तोच भाग दुसऱ्या कोणत्या गाड्यांत, ट्रॅक्टरांत किंवा व्हॅनमध्ये वापरला गेला हे त्याच्या जुन्या सूचीवरून कळते, आणि प्रसिद्ध गाडीच्या नावाने दुर्मीळ म्हणून विकला जाणारा भाग एखाद्या साध्या व्हॅनच्या नावाने सहज मिळून जातो.

बेअरिंगांच्या बाबतीत तर पुष्कळदा मोटारीचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही. कड्यावर ६२०५ असा आकडा असेल, तर ते आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२ मिलिमीटर आणि १५ मिलिमीटर रुंदीचे प्रमाणित बेअरिंग आहे आणि ते औद्योगिक बेअरिंगांच्या कोणत्याही विक्रेत्याकडे मिळू शकते. ऑइल सील, म्हणजे तेल रोखणारी कडी, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर मागता येते. जुन्या ब्रिटिश व अमेरिकी गाड्यांत ही मापे इंचांत असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

भावंड गाड्यांचा विचारही करावा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज इंजिन निरनिराळ्या क्षमतांत मॉरिस ऑक्सफर्ड, एमजीए आणि एमजीबी अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या गाड्यांत होते. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून भारतात ॲम्बॅसेडर तयार झाली आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. फियाट ११००डी भारतात प्रीमियर पद्मिनी या नावाने दीर्घकाळ बनत राहिली, आणि फोक्सवॅगन बीटलचे मेक्सिकोतील उत्पादन २००३ मध्ये थांबले. मूळ देशात एखादी गाडी कधीच बंद झाली असली, तरी दुसऱ्या देशात ती अनेक दशके बनत राहिल्यामुळे तिथे भाग मिळण्याची शक्यता असते. मात्र इतक्या काळात मापे, स्क्रूचे आटे आणि धातू बदललेले असू शकतात, म्हणून प्रत्येक भाग जुन्या भागाशी पडताळूनच घ्यावा.

आट्यांच्या गोंधळाने चांगले भाग कायमचे खराब झालेले आहेत. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो, तर मेट्रिक आणि अमेरिकी पद्धतींचा ६० अंश. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्यात १९४८ मध्ये समान आट्यांबाबत करार झाला, पण ब्रिटिश कारखान्यांनी तो हळूहळू अमलात आणला, त्यामुळे त्या काळातील एकाच गाडीत दोन्ही पद्धती सापडतात. एमजी टीसी आणि टीडी यांच्या इंजिनाचे उदाहरण तर विलक्षण आहे. त्याच्या बोल्टांचे डोके व्हिटवर्थ पान्याचे आणि आटा मेट्रिक आहे, कारण एमजीची ही इंजिने बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये फ्रेंच हॉचकिस कंपनीचा कॉव्हेंट्री येथील इंजिन-कारखाना विकत घेतला आणि तिथली मेट्रिक यंत्रसामग्री पुढे वापरात राहिली. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे सहज फिरत नसेल, तर त्याला पाना लावू नये, आटेमापकाने आटा तपासावा.

बाजार आणि दूरची खरेदी

जुन्या भागांचे मोठे बाजार हे आजही शोधाचे उत्तम ठिकाण आहे. इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून आंतरराष्ट्रीय ऑटोजम्बल भरते, आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे ऑक्टोबरमध्ये भरणारा बाजार जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. अशा ठिकाणी जाताना भागांची क्रमांकांसह यादी, व्हर्निअर कॅलिपर, छोटे लोहचुंबक, गास्केटचा कागदावर उतरवलेला आकार आणि शक्य असेल तिथे जुना भागच सोबत न्यावा. चुंबकाने पोलाद कोणते आणि पितळ किंवा ॲल्युमिनियम कोणते हे लगेच कळते, व पत्र्यावर लपवलेल्या भरावाचाही अंदाज येतो.

दूरवरून मागवताना विक्रेत्याकडे ठोकलेल्या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र आणि भागाशेजारी आपण सांगू तो मजकूर लिहिलेली चिठ्ठी ठेवून घेतलेले ताजे छायाचित्र मागावे. ज्याच्याकडे भाग खरोखर आहे त्याला हे अवघड नसते. परताव्याची सोय नसलेल्या मार्गाने अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊ नयेत.

न वापरलेला जुना साठा म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल थोडे विस्ताराने सांगणे गरजेचे आहे, कारण नव्या खोक्यातील जुना भाग नेहमीच चांगला असतो हा समज घट्ट रुजलेला आहे. गिअर, शाफ्ट, दिव्याच्या काचा आणि मीटर यांच्या बाबतीत तो बहुतांशी खरा आहे. रबराच्या बाबतीत तो धोकादायक आहे. ब्रेकचे वॉशर, होजपाइप आणि डायफ्राम फडताळात पडूनही कडक होतात व तडकतात, म्हणून असे भाग कितीही अस्सल असले तरी आजच्या उत्पादनातूनच घ्यावेत. टायरचे वयही तपासता येते. टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २००० पासून आठवडा आणि वर्ष दाखवतात, म्हणजे २४१९ हा आकडा २०१९ चा चोविसावा आठवडा होय. जुन्या ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट आणि काही गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्यांना घासू नये, त्यांच्यावर हवेचा झोत मारू नये आणि गाडीतील जुने ब्रेक ड्रम उघडतानाही हीच काळजी घ्यावी.

नव्याने बनवलेल्या प्रतिकृतींचा दर्जा फार कमी-अधिक असतो. डिस्ट्रिब्युटरचे रोटर आणि कंडेन्सर यांसारख्या छोट्या वस्तू निकृष्ट निघाल्या, तर दोष इंजिनात शोधत बसण्याची वेळ येते, म्हणून चालू स्थितीतील जुना रोटर फेकून देऊ नये. ब्रेकच्या द्रवाबाबतही सूचीतील नेमका प्रकार पाहावा. सिट्रोएन डीएसच्या हायड्रॉलिक रचनेत आधी लाल कृत्रिम द्रव आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिरवे खनिज तेल वापरले गेले, आणि एकाच्या सीलना दुसरा द्रव चालत नाही.

मिळतच नसेल तेव्हा

सगळे मार्ग चोखाळूनही भाग मिळाला नाही, तर तो घडवून घ्यावा लागतो. ओतकामासाठी जुना भाग जसाच्या तसा नमुना म्हणून वापरल्यास नवा भाग लहान निघतो, कारण थंड होताना ओतीव लोखंड सुमारे एक टक्का आणि ॲल्युमिनियम सुमारे सव्वा टक्का आक्रसते. म्हणून नमुन्यावर तेवढी भर आणि यंत्रकामासाठी वेगळी जास्तीची जाडी ठेवावी लागते. त्रिमितीय स्कॅनिंग करून असा वाढवलेला नमुना छापून घेणे आता शक्य झाले आहे. पोर्शेने ९५९ या गाडीचा क्लचमधील एक दुर्मीळ लिव्हर धातूच्या त्रिमितीय छपाईने बनवल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले होते. परंतु स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकांचे हब यांतील भाग केवळ आकार जुळला म्हणून बसवू नयेत. तिथे धातूची जात आणि त्यावरील उष्णताप्रक्रिया आकाराइतकीच महत्त्वाची असते, व ती जाणणाऱ्या अभियंत्याकडूनच काम करून घ्यावे.

अखेरचा पर्याय म्हणजे भागांसाठी दुसरी गाडी घेणे. अनेक भाग एकदम लागत असतील, तर हा व्यवहार स्वस्तही पडतो आणि नट-बोल्टांपर्यंत सगळे जुळते. मात्र ती गाडी स्वतः उभी राहण्याजोगी असेल तर तिचे तुकडे करू नयेत, ती तशीच दुसऱ्या कोणाकडे जाऊ द्यावी आणि मोडीत निघालेल्या गाडीचा शोध चालू ठेवावा.

भाग हाती आला की त्याच दिवशी तो जुन्या भागाशेजारी ठेवून लांबी, छिद्रांतील अंतर, आटे आणि दातांची संख्या पडताळावी, कारण परत करण्याची मुदत गाडीच्या कामाच्या गतीने चालत नाही. पडताळणी झाल्यावर त्यावर हलके तेल लावून, सूचीतील क्रमांक, कोणाकडून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेली चिठ्ठी बांधून तो कोरड्या जागी ठेवावा. रबरी भाग तेलापासून आणि उन्हापासून दूर ठेवावेत, आणि काढलेला जुना भाग नवा भाग प्रत्यक्ष बसून गाडी चालेपर्यंत त्याच खोक्यात राहू द्यावा.